चिंतोपंतांची डावी बाजू

मंडळी, आधी एक प्रश्न. सोपा आहे, पण घाईनं उत्तर देऊ नका — माणसाचं पान भरलं, असं कधी म्हणायचं? भात वाढला की? वरण आलं की? तूप पडलं की? — बघा, तूप म्हटल्याबरोबर माना कशा हलल्या! मघाशी देवाचं नाव घेतलं तेव्हा हलली होती का एक तरी?

असो. ऐका.

एका गावात चिंतोपंत नावाचे गृहस्थ होते. सोवळं कडक, डोकं त्याहून कडक! घरात दोनच माणसं — पंत आणि त्यांची बायको द्वारकाबाई. एकदा गावात एक शास्त्रीबुवा आले आणि प्रवचनात म्हणाले, "पंक्तीत कधी डावं-उजवं करू नये." आता याचा अर्थ काय? एकाला जास्त, एकाला कमी, असं वाढू नये. तुम्हाला कळलं. मला कळलं. आमच्या तबलजींनासुद्धा कळलं! पंतांना काय कळलं? ते तडक घरी आले — "अगं ऐकलंस का! आजपासून आपल्या पानात डावं-उजवं नाही! जेवढं उजवीकडे, तेवढंच डावीकडे!"

अहो, पानाच्या उजवीकडे काय असतं? भाजी, आमटी, खीर. आणि डावीकडे? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर! तोंडी लावायचं! बोटानं घ्यायचं, जिभेला टेकवायचं! तिथे हा गृहस्थ म्हणतो — वाटीभर आमटी, तर वाटीभर ठेचा!

आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत. तराजू आणला! पानाशेजारी टांगला! एका पारड्यात उजवं, दुसऱ्यात डावं. काटा मध्ये आला, की 'हरि हरि' म्हणून पहिला घास. वाटीभर ठेचा खाल्ल्यावर काय होणार? डोळ्यांतून धारा! नाक लाल, अंग घामानं डबडबलेलं! शेजारी खिडकीतून बघायचे नि हात जोडायचे — "काय पंतांचा भाव! जेवतानासुद्धा भक्तीनं रडतात!"

हसताय? हसा. पण त्या द्वारकाबाईनं काय करावं? पंतांचं जेवण झाल्याशिवाय ती जेवायची नाही. काटा जरा हलला, की पंत ओरडायचे — "डावं कमी पडलं!" — की ही धावली पाट्याकडे. पण हात काय चालायचा बाईचा! ओलं खोबरं, मिरची, मूठभर कोथिंबीर, चिंचेचं बोटुक — वरवंटा दहा वेळा फिरला, चटणी तयार! खोबरं संपलं? दोडक्याच्या शिरा तव्यावर परतल्या, त्यात तीळ टाकले — झाली! तीळ संपले? मिरची निखाऱ्यावर भाजली, दह्यात कुस्करली, मीठ घातलं — वाढा! एवढं आटपून ती बसेपर्यंत भात गार, वरणाचा गोळा. बारा वर्षं, मंडळी! बारा वर्षं त्या बाईनं ऊन घास खाल्ला नाही. आणि पंत काटा बघत होते.

एक दिवस द्वादशी उजाडली. आदल्या दिवशीची एकादशी बाईनं निर्जळी केलेली. पोटात कण नाही. तासाभरात द्वादशी संपणार, त्याच्या आत उपास सोडायला हवा. काटा मध्ये आला, पंतांनी घास उचलला — आणि दारात पाहुणा! काळासावळा, दोन्ही हात कमरेवर! — नाव मी घेत नाही. ज्यांनी ओळखलं त्यांनी गप्प बसा, बाकीच्यांची मजा घालवू नका!

"पंत, भूक लागलीय."

पंतांनी आपल्या उजव्या हाताला पाट मांडला, पान वाढलं. पाहुणा बसला, पण पानाला हात लावीना. पंतांकडे बघून म्हणतो, "तुमची डावी बाजू रिकामी आहे. ती भरल्याशिवाय मी घास घेणार नाही."

रिकामी? पंतांना झोंबलं! तराजू दाखवला, काटा दाखवला. पाहुणा म्हणतो, "रिकामी." पंत ओरडले — "अगं, डावं कमी पडलं!" बाई धावली. खोबऱ्याची चटणी आली. "रिकामी!" शेंगदाण्याची आली. "रिकामी!" भोपळ्याच्या सालींची, कैरी-गुळाची, कढीपत्त्याची — डावीकडे चटण्यांचा डोंगर झाला, तराजू कोलमडून खीर पंतांच्या धोतरावर! तरी पाहुणा शांतपणे म्हणतो, "रिकामीच आहे हो."

ऊन चढलं. द्वादशी सरत आली. घरात उरलं काय? मीठ आणि एक मिरची. बाईनं तेच वाटलं. उठली. डोळ्यांपुढे अंधारी आली. चार पावलं कशीबशी टाकली, पंतांना वाढायला वाकली — आणि तोल गेला! चटणीसकट मटकन खाली बसली. कुठे? पंतांच्या डाव्या हाताला!

पाहुण्यानं टाळी वाजवली. "भरली!"

अहो, बायकोला शास्त्रात काय म्हणतात? वामांगी! वाम म्हणजे डावं! देवळात रोज जाता ना? देवाच्या डाव्या हाताला कोण उभी असते? चटणीची वाटी?

पंतांनी मान वळवली. बारा वर्षांत पहिल्यांदा काट्यावरची नजर निघाली. बायकोचे हात दिसले — मिरचीनं लालबुंद, सुजलेले. "अगं... आग होते का गं?"

"होते की. रोजच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारलंत कुठे?"

पंतांना रडू कोसळलं. या वेळी ठेचा खाल्लेला नव्हता! त्यांनी चुलीवरचा ऊन भात आणून कालवला आणि पहिला घास तिच्या तोंडाशी धरला. पाहुण्यानं तेवढी मीठ-मिरची बोटानं चाटली, "वा!" म्हणाला, आणि पाटावरून दिसेनासा झाला.

तेव्हा मंडळी, घरी गेलात की डावीकडे बघा. पाट मांडलाय का? त्यावर कोणी बसलंय का? की 'चटणी कुठाय' म्हणून स्वयंपाकघराकडे ओरडताय?

काय म्हणालात, आजी? मोठ्यानं बोला. "बुवा, तुमची बायको जेवली का?"

आजी, मी निघताना तिला सांगून आलो — "कीर्तन झाल्यावर जेवीन. चटणी ताजी वाट."

पेटीवाले, आरती जरा द्रुत लयीत घ्या. मंडळी, म्हणा एकदा हरिनाम आणि मला वाट द्या. घरी जाऊन पाटा धुवायचाय!