मांडुळाचा शेक

...आणि वर मलाच म्हणतात, "एवढी घाबरतेस काय?" आता तुम्हीच सांगा, खोलीच्या या कोपऱ्यात माझी सात महिन्यांची कुंदा पाळण्यात, त्या कोपऱ्यात देवदारी खोक्यात साप, आणि दोघांच्या मधे काय, तर एक पाट नि एक पाण्याचा हंडा! घाबरू नको तर काय करू?

आणला माझ्या दिरानं. मार्तंडभाऊजी कॉलेजात जीवशास्त्र शिकतात ना! गेले मुलुंडच्या डोंगराकडे फिरायला, आणि माणसं टाकळ्याची भाजी आणतात तसा हे पिशवीतून साप घेऊन आले. "वहिनी, मांडूळ आहे हो, बिनविषारी, अगदी गरीब. दहा दिवस बघतो नि रविवारी सोडून येतो." गरीब! मनगटाएवढा जाड, आणि दोन्हीकडून सारखाच! सासूबाई म्हणतात, सहा महिने या टोकानं चालतो, सहा महिने त्या टोकानं. भाऊजी म्हणतात, छे, तोंड एकच. बरं बाबा, एकच. पण कुठल्या बाजूला? मी नेमकं कुठल्या टोकाला घाबरायचं?

आणि त्यात ही आषाढातली ओल! खोक्यात रद्दी अंथरली, ती दुसऱ्या दिवशी सादळलेल्या पापडासारखी. दशरथ सुताराकडून भुसा आणला, तर भाऊजी ओरडले, "अहो वहिनी, तोंडात जाईल त्याच्या!" म्हणजे आलंच पुन्हा तोंड! शेवटी समोरच्या बांधकामावरची वाळू आणली, तर ती ओलीगच्च. मग काय, चणे-फुटाणेवाल्यासारखी बसले मी चुलीपुढे कढईत वाळू भाजत! आणि संध्याकाळी त्याच कढईत... जाऊ दे, सासूबाई ऐकतील.

एवढं करून भाऊजी कॉलेजला निघता निघता काय म्हणावेत? "वहिनी, याला गारठा सोसत नाही हं. ऊब मिळाली नाही तर ऊब शोधत निघेल." आणि गेले की हो छत्री उघडून! शोधत निघेल? कुठं? मी सातवी फायनल पास आहे, एवढा हिशेब मलाही येतो... या घरात सगळ्यात उबदार जागा कुठली? कुंदाचा पाळणा! घाबरू नको तर काय करू?

ह्यांना सांगितलं, तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "रविवारी जातोय ना तो?" अहो, रविवार आठ दिवसांवर! घरात विजेचा दिवा एकच, तो मी खोक्यावर टांगला. आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवलो. पण दिव्याखाली वाळू तापली की गारच राहिली, हे बघायला बोट घालायचं कुणी? बोट घालणार कोण?

मग मला माहीत असलेली एकच ऊब मी केली. माझ्या बाळंतपणातली! दोन विटांवर खोका चढवला, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर राखेचं पांघरूण, म्हणजे मंद शेक लागतो. कुंदाच्या दुपट्यासाठी ठेवलेलं मऊ लुगडं खोक्याच्या जाळीवर घातलं. तिच्या आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघते ना, तसं खोक्याच्या तळाला कोपर लावून बघत होते. डोळे मिटून! सासूबाई हसायच्या, "सुहासिनी, बाळंतिणीची बडदास्त ठेवलीस गं!" आणि सवयीनं निखाऱ्यावर चिमूटभर ओवा नि शेपा टाकायच्या. भाऊजी म्हणाले, "धूर नको, पण शेक झकास! एक बाजू कोमट, एक गार, अगदी पाहिजे तस्सं!" माया नव्हे हो ती... भीतीनं हात चालत होते माझे!

उजाडला रविवार. गणपतीला नारळ कबूल केलेला, पिशवी धुऊन तयार. भाऊजींनी लुगडं उचललं... आणि गप्प! सापासमोर माणूस गप्प झाला की दुसऱ्यानं काय समजायचं? मी कुंदाला घेऊन पाटावर चढले.

"पळाला?"

"नाही वहिनी. वाढले."

तो नव्हताच. ती होती! आणि तिच्याभोवती वाळूत वळवळणारी, बोटाएवढी सात पिल्लं. "मांडूळ अंडी नाही घालत वहिनी, पिल्लंच होतात! काय ऊब दिलीत तुम्ही!" अहो, मी कौतुक ऐकायला पाटावर उभी होते का? म्हटलं, भरा सगळी पिशवीत, चला! भाऊजी भरायलाही लागले... तर दारात सासूबाई, काठी आडवी धरून!

"खबरदार! या घरातून ओली बाळंतीण सव्वा महिना पावसात बाहेर जायची नाही. तुला काढली होती का गं मी?"

नव्हती काढली. चांगला सव्वा महिना शेक दिला होता त्यांनी मला.

तर आता एक आई, सात पोरं, आणि सासूबाईंच्या हिशेबानं तोंडं सोळा. घाबरू नको तर...

जाऊ दे. शेगडी निवली असेल. तुमच्याकडे मूठभर ओवा आहे का हो? आमचा संपला.