दुसरी हाक

मी चिखल्याची. बाबा मँगनीजच्या खदानीत कामाले होते, आम्ही कॉलनीतच वाढलो, तिथली धूळ काळी, दोरीवर पांढरी चादर वाळत टाकली का तिच्यावर थर बसे अन् माय त्याच्यावरून रोज कोणाले ना कोणाले बोले. बाबा पाळीवर जाताना चौकात थांबत अन् तिथून मले हाक मारत, मंगले, डबा राहिला ओ. डबा रोजच राहे. मुद्दाम राहे, हे मले लय उशिरा समजलं, पोरगी पळत आली पायजे इतकंच होतं त्याहिचं. मंग ते तापानं गेले.

तेरवी झाली अन् मायनं मले जवळ घेऊन सांगतलं, आता बाबाची हाक ऐकू आली तं ओ देऊ नोको, ओ दिली का ते संगं नेते. मेलेलं माणूस एकदाच हाक मारते, जिवंत माणूस पुन्हा मारते, दुसरी हाक आली का मंगच ओ देजो. आमच्याकडे घरोघरी हेच सांगतात, पण मायनं मले शपथ घातली. काय सांगू तुम्हाले, ते अंगातच बसलं. नागपूरले विद्यापीठात शालेय मानसशास्त्र शिकाले गेली, तं हजेरीत माझं नाव आलं अन् मी ओ दिलीच नाई, मॅडमनं गैरहजर मांडलं अन् मी त्याहिच्या समोरच बसली होती. पोरी हासल्या. मीपण हासली, काय करता.

तिथं आमाले शिकवलं, लेकराले कसं पाहाचं, चाचणी कशी घ्याची, घाईनं शिक्का माराचा नाई. मंग प्रत्यक्ष कामासाठी मले सिहोऱ्याकडची एक शाळा भेटली. तिथं तिसरीत पौर्णिमा नावाची ढिवराची पोट्टी. हेडसर म्हणे, मॅडम, हे पोट्टी बहिरी तरी आहे नाई तं डोक्यानं कमी आहे, हाक मारली तं मान वर करत नाई, तुम्ही लिहून द्या, आपण तिले वेगळ्या शाळेत पाठवू. वेगळी शाळा म्हणजे मतिमंद लेकरांची, दूर, वसतिगृहात राहाचं. तिची माय दारातच उभी होती, मासोळी विकून आलेली, टोपलं अजून डोक्यावर, म्हणे बाई, एक तलावानं नेला, हे तुम्ही नेऊ नोका. एक म्हणजे तिचा मोठा लेक, जाळं टाकाले गेला अन् पाण्यातच राहिला.

ते ऐकलं अन् मले मायची शपथ आठवली. मी पौर्णिमेच्या मागं जाऊन बसली, हळूच नाव घेतलं. तिचे खांदे आखडले, पण वळली नाई. मी पुन्हा नाव घेतलं, तं लगेच म्हणे, काय जी. कान चांगले, डोकं चांगलं, भाऊ गेला तवापासून तेपण दुसऱ्या हाकेचीच वाट पाहे. सर घाईचा माणूस, एकदा हाक मारली का पुढं जात.

मी तसं लिहून दिलं, पोट्टी त्याच शाळेत राहिली. पण विद्यापीठातल्या आमच्या मॅडम म्हणे, अगं, भीती तशीच आहे ना तिची, ते कोण काढणार? मंग मी तिच्यासंगं खेळली, आधी तोंडासमोर एकच हाक, मंग दारातून, मंग मैदानाच्या टोकावरून. तिची माय भेली, म्हणे बाई, काई झालं तं? मी म्हटलं, काई होत नाई. कोणत्या तोंडानं म्हटलं, माझं मले माहीत. एक दिवस ते पोट्टी पहिल्याच हाकेले ओ जी म्हणत पळत आली, तं मी तिले छातीशी धरलं अन् लय वेळ सोडलंच नाई.

आता मी याच भागातल्या शाळाहिमध्ये समुपदेशक आहो. पौर्णिमा मोठी झाली, सायकलनं हायस्कुलात जाते, रस्त्यात दिसली का मी एकदाच हाक मारते अन् ते हात हालवते. देव तिले लय आयुष्य देवो, तिचं झालं बाप्पा.

मी मायजवळ चिखल्यालेच राहते. दिवाबत्तीच्या वेळेले चौकाकडून हाक येते, मंगले. एकदाच. मनाले काय होते, कान कसा फसते, त्याची परीक्षा देऊन पास झालेली बाई आहो मी, तरी ओ देत नाई. भेव वाटते म्हणून नाई, आता भेव कायचं? ओ दिली अन् तिकडं कोणीच नसलं तं, मंग ते हाकही बंद होईन. म्हणून पायरीवर बसून राहते, कान चौकाकडे लावून, मनातल्या मनात म्हणते, अजून एक मारा ना बाबा, मी डबा घेऊनच येते.