पाणी उलटं का वाहिलं

एन्सखेड या डच शहराच्या बाजारात हेरिंग माशांच्या गाडीपुढे वीत्स्केबाई रांगेत उभ्या होत्या, पण त्यांचे कान मागे होते. मागे विद्यापीठातली आनूक आणि योरिट तावातावाने बोलत होती.

“योरिट, आपला पंप उलटा वाहतोय.”

“वीज उलटी जोडली असशील.”

“तीनदा तपासली. केसाएवढी काचेची नळी, टोकांना वीज लावली की पाणी पुढे सरकायचं, एवढंच तर यंत्र! तेही माघारी फिरलं.”

“सर तर नवा शोध म्हणून निबंध पाठवून मोकळे झाले.”

“शोध कसला डोंबलाचा! नळी धुवायच्या पाण्याची बाटली हुंगून बघ. केसांचं कंडिशनर! ते काचेला चिकटलं की प्रवाह उलटतो.”

“ती बाटली लॅबमध्ये आणली कोणी?”

“सरांनीच. बायकोची संपली की विसळून आणतात. प्लास्टिक वाया जायला नको म्हणे.”

“मग त्यांना सांग की.”

“मी? माझी डॉक्टरेट त्यांच्या सहीवर अडकलीय.”

“आणि माझी काय झाडाला लागलीय?”

“बाई, कांदा घालू?” गाडीवाल्याने विचारलं.

“भरपूर घाल,” पिशवीत हात घालत वीत्स्केबाई म्हणाल्या. “आणि ही कंडिशनरची रिकामी बाटली तेवढी तुझ्या कचऱ्यात टाक. आमच्या ह्यांनी लॅबसाठी विसळून ठेवली होती.”