इदवलची मान

...आणि वर लोक म्हणतात, वाघ होता वाघ! कसला वाघ हो? तुम्हाला सांगतो, वेल्सकडून एकेचाळीस रग्बी सामने खेळलेला, एकशे अठरा किलोंचा आमचा इदवल प्रॉसर प्रत्येक सामन्याआधी संडासाला आतून कडी लावून बसायचा, आणि बाहेर टॉवेल धरून उभा कोण? मी! संघाचे कपडे-बूट सांभाळणारा! कप्तान दार बडवतोय, "इदवल, अरे राष्ट्रगीत सुरू होईल!" आणि आतून बारीक आवाज, "तुम्ही म्हणा ना... मला पाठ आहे." घाबरला होता हो, दुसरं काय!

पण घाबरणार नाही तर काय? स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी भिडवून एकमेकांना रेटतात ना, त्यात हा पहिल्या रांगेत! समोरून आठ रेडे रेटतायत, मागून आपलेच रेटतायत, आणि मधे याची मान! शेवटच्या वर्षी तर डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरला सांगितलं? छे! मला म्हणाला, "सांगितलं तर जागा जाईल रे... आणि नाही सांगितलं तर..." बायको, मैरवेन, त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि माझ्याकडे बघायची, आणि मी? मी आपला बुटांना पॉलिश! घाबरलो होतो हो, दुसरं काय!

मग कार्डिफला फ्रान्सचा सामना. पाच मिनिटं उरलेली, आम्ही दोन गुणांनी पुढे, आणि स्क्रम आमच्याच गोलरेषेपाशी! डोकी भिडली, कडकन आवाज... सगळा ढीग कोसळला! बाकीचे उठले. इदवल गुडघ्यांवर, डावा हात नुसता लोंबतोय. पंच म्हणतो, "पुन्हा!" सत्तर हजार लोक गातायत, कप्तान ओरडतोय, "ये रे, एकच!" आणि हा बाबा उठला, वळला, चालत थेट डॉक्टरकडे! "हात जाणवत नाहीये. मुंग्या तर दोन महिने येतायत."

संपलं! बदली खेळाडू आला, मागे रेटला गेला, सामना हरलो. आणि इस्पितळात डॉक्टरीण काय म्हणाली? "अजून एक स्क्रम, की मानेखालचं सगळं गेलं असतं!"

तरी गावच्या पबमध्ये म्हातारा हॉप्किन गुरगुरलाच, "ऐन वेळी पळालास लेका!"

इदवलनं ग्लास खाली ठेवला. "हो काका, पळालो. घाबरलो होतो. पण स्वतःच्या पायांनी पळालो."

म्हाताऱ्यानं डोळेबिळे पुसले. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं... तर म्हणतो कसा, "ते सगळं खरं रे पोरा... पण पाचच मिनिटं थांबला असतास तर?"