वेरूळची चुकामूक

शाळेची सहल वेरूळला गेली होती, तेव्हाची गंमत सांगते. घृष्णेश्वराच्या गर्दीत माझी आणि मंगलची चुकामूक झाली. औरंगाबादला परतायची बस सुटायला आली होती आणि बाईंनी बजावलं होतं, "जोडीदारणीला घेतल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही." मोबाइल दोघींकडेही नव्हता. अनोळखी माणसाला विचारायला माझी जीभ रेटत नव्हती.

मी तिला शोधायला निघाले आणि थबकले. तीही मला शोधत फिरत असेल, तर आम्ही एकमेकींना चुकवतच राहू. न ठरवता दोघींनाही सुचेल अशी जागा कोणती? चपला काढल्या होत्या ती!

धावत गेले. मंगल माझ्या चपलांशेजारी निवांत बसली होती. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

बसमध्ये माझी हकीकत ऐकून बाई म्हणाल्या, "समोरची काय विचार करेल हे ताडून आपण काय करायचं ते ठरवायचं, याला गणितात गेम थिअरी म्हणतात. मंगल, तू कसा विचार केलास?"

"इचार कसला, बाई? हिच्या चपला नव्या हायेत. ही मला सोडून जाईल, चपला नाय सोडायची!"