बारा गॅलनचा माणूस

वेंडल : पण इंजेक्शन तुम्ही स्वतः टोचलंत, मिसेस टोलेफसन. दोन दिवस मला बसता येत नव्हतं. एवढं दुखलं म्हणजे गुण यायलाच हवा.

इर्मा : दुखणं नर्सच्या हातात असतं, वेंडल. गुण नाही. तुझ्या परम्याचा जंतू प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवून बघितला. त्याच्यावर तेच इंजेक्शन घातलं. तो मेला नाही.

वेंडल : आता?

इर्मा : आता दुसरं औषध. नाही लागू पडलं तर तिसरं. चौथं विचारू नकोस. माझ्याकडे यायच्या आधी काय घेतलं होतंस?

वेंडल : काही नाही.

इर्मा : दर गुरुवारी मी तुझ्या आईबरोबर बोलिंग खेळते.

वेंडल : म्हणूनच काही नाही.

इर्मा : या खोलीतलं तिथे जात नाही. तिथल्या निम्म्या लोकांचं मला सगळं ठाऊक आहे, आणि तरी मी तिथले भाड्याचे बूट घालते. बोल.

वेंडल : माशांच्या गोळ्या.

इर्मा : मासळीच्या तेलाच्या?

वेंडल : नाही हो. मासे आजारी पडले की टाकीत टाकतात त्या. आमच्या दुकानात मागे एक जुनी बाटली पडली होती. वर सोनेरी मासा छापलाय. एकदम ठणठणीत दिसतो.

इर्मा : किती घेतल्यास?

वेंडल : दहा गॅलन पाण्याला एक, असं लिहिलं होतं. मग माणसाच्या अंगात पाणी किती असतं ते शोधून काढलं. मी बारा गॅलनचा निघालो. म्हणून सव्वा.

इर्मा : सव्वा.

वेंडल : रोज. जळजळ थांबली की! मला वाटलं, सुटलो.

इर्मा : हा चिवट जंतू तू फार्गो शहरातल्या त्या मासेमारीच्या स्पर्धेतूनच आणला असशील. पण सव्वा-सव्वा गोळी घालून तू त्याची तालीम घेतलीस. बाकीच्या गोळ्या कुठायत?

वेंडल : हॉटडिशमध्ये.

इर्मा : कसल्या हॉटडिशमध्ये?

वेंडल : कर्स्टनसाठी केलं होतं. ओव्हनमध्ये भाजतात ते, बटाटा-खिम्याचं. त्यात कुटून घातल्या, कळत नाही. बायकोला काय सांगणार, ही घे माशाची गोळी, कारण मी फार्गोला...? म्हणून जेवणातून.

इर्मा : मागच्या खेपेला तू शपथेवर सांगितलंस, की परत आल्यावर तिच्याजवळ गेलाच नाहीस.

वेंडल : एकदाच. नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता.

इर्मा : खाल्लं तिने?

वेंडल : तेच तर. तिला वासाने मळमळलं. मी दुकानात गेलो तेवढ्यात तिने अख्खं भांडं चर्चच्या सहभोजनाला नेऊन दिलं.

इर्मा : कुठल्या?

वेंडल : सुगीच्या.

इर्मा : मी दोनदा वाढून घेतलं होतं.

वेंडल : मी बघितलं. मी तुम्हाला सॅलड घ्या म्हणालो होतो.

इर्मा : ऑर्विलनेही खाल्लं होतं. त्याला पेनिसिलिन चालत नाही, आणि माशांच्या गोळ्यांत तेच असतं. अंगभर पुरळ, श्वास अडकलेला. तो इस्पितळात असताना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला कुणी नव्हतं. आम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि तू पहिल्या बाकावर होतास.

वेंडल : सगळ्यांत जास्त मीच केली.

इर्मा : म्हणजे अख्ख्या गावाला औषध मिळालं. कर्स्टनला सोडून.

वेंडल : पण तिला काहीच होत नाहीये. मी विचारलं. आडून.

इर्मा : बायकांना बरेचदा कळतच नाही. दिवस कधी भरतात तिचे?

वेंडल : दोन आठवड्यांत. पण जन्मल्या जन्मल्या बाळाच्या डोळ्यांत मलम घालतात ना?

इर्मा : घालतात. या जंतूपुढे त्या मलमावर मी माझं मांजरसुद्धा सोपवणार नाही. बाळाला बाहेर येताना लागण झाली, तर डोळे जायला फार दिवस लागत नाहीत. गरोदर बाईला देता येतील अशी औषधं आधीच थोडी. त्यातलं कुठलं चालेल ते तिचा नमुना घेतल्याशिवाय कळायचं नाही. आज घ्यायचा.

वेंडल : तुमचं ते निनावी पत्र असतं ना? ‘तुमच्या एका जोडीदाराला लागण झाली आहे, नाव सांगता येत नाही...’

इर्मा : असतं. कर्स्टनला जोडीदार किती आहेत?

वेंडल : तुम्ही सांगा ना तिला. तुम्हाला सवय आहे.

इर्मा : सांगेन. पण मी तोंड उघडलं की ती तुझ्याकडे बघणार. तू कुठे असशील?

वेंडल : ती बाहेर गाडीतच बसलीय. मी फ्लूची लस घ्यायला आलोय असं तिला वाटतंय.

(इर्मा टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवते.)

वेंडल : कर्स्टन?

कर्स्टन : झाली लस? लवकर ये, हे बाळ लाथा झाडतंय. भूक लागलीय आम्हाला.

वेंडल : तू जरा आत ये.

कर्स्टन : मी कशाला? माझी लस झालीय. वेंडल, रडतोयस की काय? एवढ्याशा सुईला?

वेंडल : हो.

इर्मा : वेंडल.

वेंडल : नाही. सुईला नाही. थांब, एकटी उतरू नकोस. मी येतो हात धरायला. पायऱ्यांवर बर्फ आहे.