सोवळ्यातला गोंद

बसा मंडळी, पुढे सरका. मागे भिंतीला चिकटून बसलात, तुम्हीही या! तुम्ही सोडली म्हणून भिंत पडत नाही.

आजचा प्रश्न असा. "मी सगळ्यांचा! मला सगळे सारखे!" असं जो छातीवर हात ठेवून सांगतो, तो खरंच सगळ्यांचा असतो का? निवडणुकीतल्या उमेदवाराचं विचारत नाही हं मी. त्याचं उत्तर तुम्हाला मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मिळतंच! मी तुमचं-आमचं विचारतेय. "आमचा स्वभाव मोठा मनमिळाऊ, आम्ही कुणातही मिसळतो." कुणातही? नक्की?

धुतल्याशी सख्य, मळल्याशी दुरी।
ऐसी प्रीती खरी, कैसी म्हणो।।

घोळवा, घोळवा जरा! पेटीवाले काका, डोळे मिटलेत ते भावसमाधीनं ना? असं असेल तर ठीक आहे.

तर मंडळी, ऐका. आज पुराणात जायचं नाही. आज जायचं मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत. चेहरे का पाडलेत? देव तिथे जात नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

तिथे 'दृढबंध' नावाचा एक कारखाना. चिकटपट्ट्यांचा. त्यात वैजयंती कुरणे नावाची रसायनशास्त्र शिकलेली बाई. कामात चोख, बोलण्यात मोजकी. तिचं काम काय? गोंद करायचा! पण तुमच्या लिफाफ्याचा गोंद नव्हे हं. ओला करा, वाळवा, फुंका — ती भानगडच नाही. हा दाबानं चिकटणारा गोंद. अंगठ्यानं दाबला, की धरला!

सोपं वाटतं? मग करून बघा! असा गोंद अंगानं मऊ लागतो. इतका मऊ, की समोरच्याच्या बारीकसारीक खाचाखोचांत उतरला पाहिजे. आणि त्याच वेळी मनानं घट्ट लागतो, म्हणजे वजन आलं की ओघळता कामा नये. नुसता मऊ केला तर गळतो, नुसता घट्ट केला तर टिचकीसरशी उडतो. मऊही हवा आणि घट्टही हवा! पन्नास वर्षं संसार केलेल्या बायका इथे माना डोलावतायत बघा. त्यांना प्रयोगशाळेची गरज नाही.

वैजयंतीला हवा होता सगळ्यांना धरणारा गोंद. काच, पोलाद, फरशी, रंगवलेली भिंत… हे सगळे झाले भले लोक, पटकन जवळ येतात. आडून बसलं ते प्लास्टिक! तुमच्या घरची प्लास्टिकची बादली आठवा. तिला काही चिकटतं का? काही नाही! घरात एखादे मामा असतात ना, नमस्कार केला तरी दुसरीकडे बघणारे, तशी ती बादली. वैजयंतीनं गोंदात राळ घातली, कमी केली, वाढवली, पुन्हा पहिल्यापासून केलं. आणि एके दिवशी पट्टी बादलीला चिकटली. ओढली, तरी सुटेना! वैजयंती एकटीच हसली, हळूच. कुणी बघत तर नाही ना, हे बघून!

पण थांबा. तिच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. ज्या पाट्यांवर गोंद तपासायचा, त्या आधी साबणानं धुवायच्या, मग स्पिरिटनं पुसायच्या, मग पुन्हा स्पिरिटनं, नव्या फडक्यानं. त्यानंतर हात लावायचा नाही! कुणाचा अंगठा उमटलेला दिसला, की मोजकं बोलणारी ही बाई गरजायची, "शिवलात? झालं! आता पुन्हा पुसा!"

ओळखीचं वाटतंय का काही? अहो, हे सोवळं! आपल्या आजीचं सोवळं पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत उभं होतं. आणि हिला ते ठाऊकही नाही. हिची आपली समजूत, की आपण शास्त्र करतोय. शास्त्र होतंच ते, त्यात खोटं काही नाही. पण ते होतं पुसलेल्या पाटीचं.

आता मालक. शेखरराव माईणकर! हे बादली हातात घेऊन नाचले. "कुरणे मॅडम, म्हणजे कशालाही चिकटतो?"

"तपासलं त्या सगळ्याला, सर."

"म्हणजे कशालाही!"

मंडळी, 'तपासलं त्या सगळ्याला' आणि 'कशालाही' यांत केवढं अंतर आहे? मालक ते एका उडीत पार करून गेले. आणि वैजयंती? तिनं अडवलं नाही. कौतुक कानात शिरत असताना मध्ये तोंड कोण घालतं?

शेखररावांनी ठरवलं, या गोंदाची पहिली वस्तू म्हणजे न्हाणीघरातलं हँडल! म्हाताऱ्या माणसांसाठी. भिंतीला भोक नको, स्क्रू नको. दाबा आणि धरा! आणि जाहिरात? ती घरचीच. शेखररावांच्या आई, माई, घसरून पडल्या होत्या. खुब्यात सळई घातलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडलात तर उठणं कठीण. मुलाला केवढी काळजी! "दिवाळीची पहिली आंघोळ, माई हँडल धरून उभी राहते, आणि खाली अक्षरं — आईचा आधार!" फोटोवाला ठरला, तांब्याचं घंगाळ माळ्यावरून उतरलं, चिंचेनं घासलं. गंमत बघा, आईला हात धरून न्हाणीत नेण्याचं एवढ्या वर्षांत याला सुचलं नव्हतं. पण हँडल मात्र सुचलं!

आदल्या दिवशी दुपारी वैजयंती घरी चकल्या तळत होती. शेगडीमागच्या भिंतीवर तिनं त्याच गोंदाचा एक हुक लावला होता, घरच्या कौतुकाला. त्यावर झारा टांगलेला. चकली उलटायला तिनं हात पुढे केला, आणि हुक सुटून ओट्यावर, झारा कढईत! तेल उडालं, मनगट भाजलं. नवरा धावत आला. "गोंद फसला का गं?"

बर्फ धरायचा सोडून ही बाई हुक उलटा करून बघत बसली. बोट फिरवलं. गुळगुळीत. गोंदाच्या अंगावर तेलाचा थर! रोजच्या फोडणीचा, भिंतीवर बसलेला, डोळ्यांना न दिसणारा. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. गोंदानं धरायचं सोडलं नव्हतं. त्यानं घट्ट मिठी मारली होती, पण तेलाला! भिंतीपर्यंत तो पोचलाच नव्हता.

"फसला नाही," ती म्हणाली. "मीच त्याला कधी तेल दाखवलं नाही."

आणि दुसऱ्याच क्षणी तिनं हुक बाजूला टाकला. उद्या पहाटे माई! अंगाला तेल, भिंतीला तेल, वर उटणं, साबण. आणि खुब्यात सळई!

तिनं फोन लावला. "सर, उद्या माईंना ते हँडल धरू देऊ नका."

"काय मॅडम, दिवाळीच्या तोंडावर असं बोलता! मी स्वतःच्या हातानं लावलंय सकाळी. अंगठ्यानं दाबून!"

"भिंतीची फरशी पुसली होतीत?"

"पुसायला काय झालंय? स्वच्छ घर आहे आमचं!"

आता यापुढे काय बोलायचं? मनगटाला ओलं फडकं गुंडाळून ती निघाली, थेट माईणकरांच्या दारात.

माई ओसरीवर वाती वळत बसलेल्या. शेखरराव तिला न्हाणीघरात घेऊन गेले. ऐटीत! "हे बघा. सकाळपासून माईनं दोनदा धरलंय. काय गं माई?"

बाहेरून आवाज आला, "धरलं म्हणजे हात लावला रे! तू फोटोच्या तालमीसाठी उभं केलंस म्हणून."

"सर, याच्यावर अजून भार पडलेला नाही," वैजयंती म्हणाली. "या भिंतीवर वर्षानुवर्षांचं तेल आहे. मी टेकून बघते, तुम्ही मागे व्हा."

"तुम्ही कशाला? भाजलाय तुमचा हात. मालक मी, माल माझा!" शेखररावांनी हँडल धरलं. ते राहिलं! "बघा!" मग थोडा भार टाकला. तरी राहिलं! "कुठे आहे तुमचं तेल?" मग उत्साहानं एक पाय उचलला, जाहिरातीत माई उचलणार होत्या तसा…

मंडळी, गोंद प्रामाणिक होता. त्यानं हँडल सोडलं नाही. शेखररावांनीही हँडल सोडलं नाही. भिंतीनं मात्र दोघांनाही सोडलं! हँडल हातात, आणि मालक घंगाळात! चिंचेनं घासलेल्या, चकाकणाऱ्या घंगाळात, नव्या झब्ब्यासकट!

हसा, हसा. वैजयंती हसली नाही. ती घंगाळाशेजारच्या रिकाम्या जमिनीकडे बघत होती. तिथे तिला माई दिसत होत्या.

शेखरराव घंगाळातून ओरडले, "तुम्हीच म्हणालात ना, सगळ्याला चिकटतो!"

"म्हणाले. चूक माझी आहे. मी सगळं पुसून घेऊन तपासलं." मग चाचरत म्हणाली, "डब्यावर छापता येईल, सर. आधी फरशी स्पिरिटनं पुसावी, कोरडी करावी…"

"छापा की! बारीक अक्षरांत!"

तोवर काठी टेकत माई दाराशी आल्या. लेक घंगाळात बसलेला बघितला, आधी पोटभर हसून घेतलं. मग वैजयंतीला म्हणाल्या, "अगं बाई, शिकलेली ना तू? न्हाऊन, अंग पुसून, कोरडी होऊन मी खुर्चीत बसते, तेव्हा मला आधार कशाला लागतो? मी तेलकट असते, ओली असते, पाय घसरत असतो, तेव्हा लागतो. तेव्हा जो धरत नाही, त्याला आधार म्हणतात होय?"

वैजयंतीनं बारीक अक्षरांचा विषय तिथेच सोडला. माईंच्या प्रश्नाला तुमच्याकडे आहे उत्तर?

जाहिरात रद्द झाली. फोटोवाला आला, फराळ करून गेला. आणि दिवाळीची पहिली आंघोळ? न्हाणीच्या उंबऱ्यावर शेखरराव उभे. माईंनी तेलानं माखलेला हात त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि सगळा भार दिला. नव्या रेशमी सदऱ्यावर पाच बोटं उमटली. "डाग पडला रे," माई म्हणाल्या. "पडू दे," शेखरराव म्हणाले. सोमवारी गवंडी बोलावला, भिंतीला भोकं पाडली, चांगलं पोलादी हँडल बसवलं. गोंदाचा कारखानदार, आणि घरात स्क्रू! पण माई पडल्या नाहीत.

आणि वैजयंती? तिनं सोवळं मोडलं. आता तिच्या पाट्यांना तेल लावतात, उटणं लावतात, साबणाचा फेस लावून वाळवतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती म्हणते, "अंगठा उमटवा हो, लाजू नका!" रोज गोंद हरतो. पण ती आता एक नवा गोंद जुळवतेय. तो समोरचं तेल ढकलत नाही, पुसायला सांगत नाही. ते तेल आधी आपल्या पोटात घेतो, आणि मग भिंतीला भेटतो. अजून जमलेला नाही. पण काय करायचं, ते तिला कळलंय.

आता तुमच्याकडे वळते. दाराकडे बघू नका, प्रसाद अजून यायचाय! देवळात येताना आंघोळ केलीत, धूतवस्त्र नेसलात, गंध लावलंत, आणि म्हणालात, "देवा, तुला घट्ट धरलंय!" धरलंत हो! चकचकीत पाटीवर आपली चाचणी झाली, आपण उत्तीर्ण! आणि घरी? पिऊन आलेला भाऊ, अंथरूण ओलं करणारे सासरे, चुकून बदनाम झालेली पोर… त्यांना म्हणतो, "आधी नीट हो, स्वच्छ हो, मग ये. मग आम्ही तुझेच!" नीट झाल्यावर त्यांना तुमची गरज काय?

आपल्यासारख्या तेलकट माणसांना तो वरचा पुसून घेऊन धरत बसला असता, तर आज या मंडपात कोण बसलं असतं? सगळा मळ पोटात घेतो, म्हणून तर त्याचं धरणं सुटत नाही.

धुतल्याशी सख्य, मळल्याशी दुरी।
ऐसी प्रीती खरी, कैसी म्हणो।।

आता आरतीला उभे राहताना शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला हात द्या. निरांजनाच्या वातींचं तूप लागलेलं असेल त्यांच्या बोटांना, घाम असेल. रुमाल खिशातच राहू द्या. पंचारती लावा!